चौथा कोपरा

“उत्तर एकच शे हाई मले कोडं सांगी, कोडं घालनारा नही.”

हेमराज भामरे हे एका रविवारी सकाळी बोलले होते, कोसाडच्या त्यांच्या घरात, पेपरच्या पुरवणीतलं सुडोकू गुडघ्यावर धरून. समोर त्यांची मुलगी हर्षदा बसली होती. तिच्या ताटलीतले पोहे गार होऊन गेले होते, आणि आपण हा कागद फाडावा की स्वतःचे केस उपटावेत हे तिला ठरवता येत नव्हतं.

घरात त्यांना नाना म्हणत. नाना बीम पसारणीचं काम करायचे. मागावर कापड विणायला लागण्याआधी बीमवरच्या, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळलेल्या, सुताच्या हजारो तारा एकेक करून मागाच्या राचच्या बारीक डोळ्यांतून आणि मग फणीच्या दातांतून ओढून घ्याव्या लागतात. पलीकडे बसलेला माणूस तार देतो, अलीकडचा आकड्याने ती ओढून घेतो. नाना ओढायचे. देणारा भटू, साक्रीकडच्या त्यांच्याच गावचा. मधे राच असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड धड दिसत नसे. दिवसभर फक्त बोटं दिसत आणि आवाज ऐकू येई.

एक तार शेजारच्या डोळ्यात गेली की तिच्या पुढच्या सगळ्या सरकतात, आणि कापडावर शेवटपर्यंत रेघ येते. अशी चूक उशिरा सापडली तर बहुतेक कारागीर ती तार तोडतात, कुठेतरी दाबून बसवतात आणि पुढे जातात. नाना चुकीपर्यंतच्या सगळ्या तारा परत बाहेर काढत. पलीकडून भटूच्या शिव्या सुरू होत. “हेमराज, तुना बापनं कापड शे का रे हाई? कोन नेसनार शे, तुले म्हाईत बी नही!” नाना तारा बाहेर काढत राहत.

सचिन भागातल्या एका कारखान्यात सुपरवायझर वैतागून गुजरातीत म्हणाला होता, “जवा दो ने काका, चालशे.” नानांनी हातातला आकडा त्याच्या टेबलावर ठेवला. “मंग तूच वढ,” म्हणाले आणि घरी आले. नंतर अमरोलीला काम धरलं, तिथेही वर्षभरात तेच. काम सुटल्याचं ते कधी सांगत नसत. उषाबाईंना, म्हणजे हर्षदाच्या आईला, ते डबा घासण्याच्या आवाजावरून कळायचं. काम सुटलं की नाना स्वतःचा डबा स्वतः घासत आणि फार वेळ घासत.

घरातही सुटका नव्हती. हर्षदाला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलगा इच्छापोरच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे असं त्याच्या मामाने सांगितलं. नानांनी विचारलं, कोणतं खातं? मग विचारलं, हाताखाली कोणतं मशीन? मग, ते मशीन बंद पडलं तर पहिल्यांदा काय खोलतात? मुलगा घामाघूम झाला. शेवटी त्याच्या काकाच्याच तोंडून निघालं की तो ठेकेदाराकडे आहे, रोजंदारीवर. पाहुणे पुरणपोळीला हात न लावता उठले. हर्षदाला तो मुलगा नकोच होता; तरी तिने दोन दिवस नानांशी अबोला धरला. बरोबर असणं एक, आणि समोरच्याला भिंतीपर्यंत रेटत नेणं वेगळं, असं तिला वाटायचं. नानांना हे दोन्ही एकच वाटत असावं.

सुडोकू घरात तिनेच आणलं. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत रिझनिंगचा सराव म्हणून ती पुरवणीतली कोडी सोडवायची. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकोनात एक ते नऊ एकेकदाच यायला हवेत, एवढाच नियम. नानांनी आठवडाभर लांबून पाहिलं. मग एके दिवशी कामावरून आल्यावर चहाही न घेता म्हणाले, “आन इकडे.”

सोपी कोडी त्यांना महिन्याभरात कंटाळवाणी झाली. मग हर्षदा त्यांना अवघड युक्त्या शिकवायला लागली. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून दोघांनी घरची नावं ठेवली. एका ओळीत सात दोनच घरांत बसू शकतो, आणि खालच्या एखाद्या ओळीतही नेमक्या त्याच दोन उभ्या ओळींत. म्हणजे चार घरं खाटेच्या चार पायांसारखी. सात कुठल्या तरी दोन तिरप्या पायांवर बसणार, हे नक्की. मग त्या दोन उभ्या ओळींत बाकी कुठेही सात येणं शक्य नाही. ही खाट. पहिल्यांदा खाट सापडली तेव्हा नाना एवढ्या मोठ्याने हसले की चंचल नावाची शेजारीण दारात येऊन बघून गेली. नंतर साखळी आली: ह्या घरात तीन असेल तर त्या घरात आठ, तिथे आठ तर पलीकडे पाच, आणि तीन नसेल तरी फिरून पलीकडे पाचच. कुठूनही निघा, पाचलाच पोचता. साखळी नानांना फार आवडली. सापडली की ते पेन्सिल बाजूला ठेवून तिच्यावरून नुसतं बोट फिरवत बसत.

भांडण चौकट नावाच्या युक्तीवरून झालं.

“हे बघा,” त्या रविवारी हर्षदा म्हणाली. “ह्या दोन आडव्या ओळी, ह्या दोन उभ्या. जिथे भेटतात ते चार कोपरे, दोनच चौकोनांत. तीन कोपऱ्यांत फक्त दोन नाहीतर पाच बसतो. बरोबर?”

“बरोबर.”

“चौथ्या कोपऱ्यात दोन, पाच किंवा आठ. आता तिथे आठ नसलाच, तर चारही कोपऱ्यांत दोन-पाच, दोन-पाच. त्यांची अदलाबदल केली तरी सगळं जुळणार. म्हणजे कोड्याला दोन उत्तरं झाली. आणि कोड्याला उत्तर एकच असतं. म्हणून चौथ्या कोपऱ्यात आठ. झालं!”

नानांनी चष्मा वर सरकवला. “एकच राहस हाई कोनी सांगं?”

“कोणी म्हणजे? सुडोकूचा नियमच आहे तो.”

“नियम तू सांगा त्या तीन. आडवं, उभं, चौकोन. हाऊ चौथा कोठून उना?”

“नाना, छापणारा तपासूनच छापतो ना!”

तेव्हा ते वाक्य आलं, उत्तर एकच आहे हे मला कोडं सांगेल, कोडं घालणारा नाही. आणि त्यानंतर, “आठ कसाले? पाच टाक ह्या कोपरामा. दखाड मले कोठे अडस ते.”

हर्षदाने चिडून चौथ्या कोपऱ्यात पाच टाकला आणि पुढे भरत गेली. सात-आठ घरं भरल्यावर एका उभ्या ओळीत एक हा आकडा दोनदा आला. अडलं. तिने पेन्सिल आपटली. “बघा! आठच होता! मी तेच सांगत होते आणि दोन मिनिटांत सांगत होते!”

नानांनी ती दोन्ही घरं बारकाईने पाहिली. “हाई कोडामा अडनं,” ते म्हणाले. “पुढलाले बी अडीच असं नही.”

पुढच्या वेळीही अडलं. त्याच्या पुढच्या वेळीही. चौकट दरवेळी खरी निघाली आणि नाना दरवेळी “दखाड”, दाखव, म्हणाले. जी युक्ती कोडं चुटकीसरशी सोडवते तिच्यासाठी हर्षदाला दर रविवारी अर्धा तास घालवावा लागे, आणि शेवटी नाना मान हलवत, पण हार मानत नसत. “तू सांगस म्हनीसन मानी लेऊ का?” एवढंच. उषाबाई आतून ओरडत, “अगं, त्यांच्या नादी लागू नको माय. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही मंगलाष्टका मोठ्याने मोजत होते!”

हर्षदा डिंडोलीला धर्मेंद्र सरांच्या क्लासमध्ये लहान मुलांना पाढे आणि बेरजा शिकवायची. तिला हवी होती मोठ्या मुलांची रिझनिंगची बॅच. रेल्वे आणि बँकेच्या परीक्षांना बसणारी पोरं, त्यांच्यासमोर फळ्यापाशी उभं राहणं. पाढ्यांतून बाहेर पडण्याचा तेवढाच एक रस्ता तिला दिसत होता. सर टाळत होते. “पोरं मोठी आहेत, तुला आवरणार नाहीत,” म्हणायचे. मग खान्देशी मंडळाच्या स्नेहमेळाव्यात क्लासतर्फे सुडोकू स्पर्धा ठेवायचं ठरलं, तेव्हा सर म्हणाले, “कोडं तू बनव. नेटवरचं नको, पोरं मोबाईलवर शोधून काढतात. नंतर स्टेजवर फळ्यावर समजाव. लोकांना आवडलं तर बॅच तुझी.”

तिने कोडं हाताने बनवलं. बनवताना घरात कुणाला दाखवलं नाही, कारण नाना भाग घेणार होते आणि भटूकाका आधीच टोमणे मारायला लागला होता. “घरमाच पेपर फुटी ना, हेमराज!” तिने ते मोबाईलच्या ॲपमध्ये घालूनही तपासलं. एकच उत्तर. मग छपाईच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात सरांनी कागद पाहिला.

“हे तर सहेलं आहे, अगदी सोपं. दोनेक आकडे उडव. असं ठेवलं तर अर्धा हॉल इनाम मागेल.”

“सर, परत तपासावं लागेल.”

“तपास ना मग. उभ्या उभ्या तपास. मशीन चालू आहे.”

हर्षदाने एक आकडा खोडला आणि काउंटरवर वाकून कोडं पहिल्यापासून सोडवलं. मोबाईल पर्समध्ये होता, पर्स स्कूटीच्या डिकीत, आणि दुकानदार घड्याळाकडे बघत होता. एक खाट लागली, एक साखळी लागली, आणि शेवटी एक सुंदर चौकट: तीन कोपऱ्यांत चार-नऊ, चौथ्यात चार-नऊ-सहा. म्हणून सहा. सहा टाकल्यावर बाकीची घरं पटापट भरली आणि तिचंच जुनं उत्तर समोर आलं. तिला बरं वाटलं. आता हे खरोखर अवघड झालं होतं.

मेळावा डिंडोलीच्याच एका हॉलमध्ये होता. मागच्या बाजूला वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी चालू होत्या, पुढे लांब टेबलांवर स्पर्धा. पोरंच जास्त होती. मोठ्यांत नाना, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि भटूकाका, जो नुसता बसायला जागा मिळाली म्हणून बसला होता. हर्षदा स्टेजवरून नानांकडे बघत होती. अर्ध्या वेळेत त्यांचा कागद जवळजवळ भरला हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. मग खांदे थांबले. पेन्सिल थांबली. ते लिहीत, खोडत, परत लिहीत, परत खोडत. चौकटीपाशी आले, तिला वाटलं. आणि लगेच चीड आली. सांगितलंय, शिकवलंय, दर रविवारी सिद्ध करून दाखवलंय. आज तरी ऐका! सहा टाका आणि मोकळे व्हा!

वेळ संपली. सागर नावाच्या क्लासमधल्या पोराचं उत्तर तिच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. टाळ्या झाल्या. धर्मेंद्र सरांनी बाकीचे कागद चाळले, नानांचा वर काढला आणि माइकवर म्हणाले, “अरे, हेमराजभाऊ! सगळं केलं आणि शेवटचा कोपरा कोरा? सगळ्यांच्या चुका काढणारे आपले हेमराजभाऊ अटकले!”

हॉल हसला. भटूकाका सगळ्यांत मोठ्याने. “चला, पेपर फुटना नही, हाई तरी सिद्ध व्हयनं!”

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते उठून स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आले, लांबचं नीट दिसत नाही म्हणून, आणि तिथेच उभे राहिले.

सर हर्षदाकडे वळले. “तर आपली हर्षदा मॅडम. आजपासून हिच्याकडे रिझनिंगची बॅच येईल असं मी बघतोय. मॅडम, जरा समजावा, शेवटचं पाऊल काय होतं.”

मॅडम हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला, स्वतःसाठी. तिने पांढऱ्या फळ्यावर जाळं काढलं, नव्वद टक्के लोक अडकले होते तिथपर्यंतचे आकडे भरले, आणि मार्करने चौकटीचे चार कोपरे दाखवले. तीन कोपऱ्यांत चार-नऊ. चौथ्यात चार, नऊ, सहा. सहा नसला तर दोन उत्तरं होतील, आणि कोड्याला उत्तर एकच असतं. म्हणून सहा. पोरांनी माना डोलावल्या. एकजण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

“हर्षदा.”

नाना पायऱ्यांपाशी उभे होते. आवाज चढलेला नव्हता. घरी “दखाड” म्हणताना जो अडेलपणा असायचा तो त्यात नव्हता.

“मी चार टाकीसन पाहं,” ते म्हणाले. “नऊ बी पाहं. मले अडेल दिसनं नही. मनं काहीतरी चुकी राहिनं व्हई. तू दखाड.”

“काका, टाइम नाही,” मागून कुणीतरी ओरडलं.

“दाखवू द्या, दाखवू द्या,” सर हसत म्हणाले. “बापाला नाही पटलं तर पोरांना काय पटेल? मॅडम, चार टाका.”

हर्षदालाही तेच हवं होतं. एकदा, सगळ्यांसमोर. नाना स्वतःहून म्हणाले होते की माझं चुकत असेल, असं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने चौथ्या कोपऱ्यातला सहा पुसला आणि चार लिहिला. “आता बघा. हा चार, म्हणून शेजारचा कोपरा नऊ. खालचा नऊ. तिरपा चार.” ती झरझर लिहीत होती. “सहाला ह्या ओळीत आता ही एकच जागा.” लिहिला. “म्हणून इथला एक इकडे जाईल.” लिहिला. आता कुठेतरी एका ओळीत दोन सारखे आकडे यायला हवे होते. तिने उभी ओळ पाहिली. जुळत होती. चौकोन पाहिला. जुळत होता. पुढचं घर भरलं, तेही बसलं. दरवेळी इथपर्यंत अडायचं. तिचा हात हळू झाला.

मोजकीच घरं उरली होती. त्यांत काय येणार हे तिला न लिहिताच दिसलं, आणि ती सगळी बसत होती.

काउंटरवर वाकून तिने काय केलं होतं ते तिला आता कळलं. कोड्याला एकच उत्तर आहे का, हे तपासायला तिने अशी युक्ती वापरली होती जी उत्तर एकच आहे हे आधीच धरून चालते. एक आकडा खोडला आणि दार उघडं पडलं, आणि ती बंद दारावर टेकल्यासारखी टेकली. सागरचं उत्तर बरोबर होतं. फळ्यावरचंही बरोबर होतं. नऊ टाकला तर आणखी एक निघालं असतं. हॉलमध्ये एकाच माणसाने ती घरं कोरी ठेवली होती, कारण तिथे काय लिहावं हे कोडं सांगत नव्हतं.

तिने मागे वळून पाहिलं. लोक एकमेकांशी बोलायला लागले होते. भरताचा वास येत होता. फळ्यावर काय चाललंय हे कुणाला कळत नव्हतं, सरांनाही नाही. ते घड्याळ बघत माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. फक्त नाना फळ्याकडे बघत होते, मान पुढे काढून, एकेक आकडा वाचत, आणि तिने पुढचं घर भरण्याची वाट बघत.

“काय मॅडम, अडलं ना?” सरांनी विचारलं.

आताच सांगता आलं असतं. कोडं चुकलंय, माझं चुकलंय. चार शब्द. मग सागरचं बक्षीस, सरांच्या क्लासचं नाव, व्हिडिओ काढणारा पोरगा, मॅडम ही हाक. ती मार्करचं टोपण शोधत राहिली. ते तिच्याच डाव्या हातात होतं.

“हो,” ती म्हणाली. “पुढे अडतं.”

आणि कुणी विचारण्याआधी तिने डस्टर घेऊन तो कोपरा पुसला.

“तर बघा, उत्तर एकच!” सर म्हणाले. “टाळ्या पाहिजेत हर्षदा मॅडमसाठी!” टाळ्या झाल्या. खुर्च्या सरकल्या, लोक जेवणाकडे उठले. भटूकाकाने नानांच्या पाठीवर थाप मारली. “पटनं का आते? का आजून तारं बाहेर काढस?”

नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पुसलेल्या जागेकडे बघत होते, जिथे निळ्या शाईचा ओरखडा राहिला होता. मग त्यांनी हर्षदाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता बोलतील. ते नेहमी बोलायचे. सुपरवायझरसमोर, पाहुण्यांसमोर, अंतरपाटाआडूनसुद्धा. ते ओरडले असते तर तिला उत्तर देता आलं असतं. भांडता आलं असतं. कदाचित खरंही सांगता आलं असतं. तिने मार्कर घट्ट धरला आणि वाट पाहिली.

नाना वळले. जेवणाच्या रांगेत घुसणाऱ्या पोरांना त्यांनी आधी जाऊ दिलं. मग खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून खाली बघत, ते दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले.